कम्प्युटरला हात कोणी लावायचा?



ज्या घरात टेबलावरचा जुना कम्प्युटर आहे, त्या घरातल्या बाईला मृगाच्या पावसानंतरचा एक आवाज ओळखीचा असतो. बटण दाबावे, आतला पंखा फिरावा, पडदा मात्र काळाच राहावा आणि डब्यातून ‘टूं... टूं... टूं’ असा सूर निघावा. मग घरातले कोणीतरी म्हणते, “तू हात लावू नको, माणूस बोलावू.” माणूस तालुक्याहून येणार, म्हणजे दोन-तीन दिवस गेलेच.

आज मला या ‘हात लावू नको’चा इतिहास सांगायचा आहे. कारण शिलाई मशीनला तेल आपणच देतो, पट्टा सुटला तर आपणच चढवतो, गॅसच्या बर्नरची भोके सुईने आपणच मोकळी करतो. मग या एकाच यंत्राजवळ आपला हात का अडखळतो?

त्यासाठी जरा मागे जाऊ. भारतात घडवलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक कम्प्युटर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. जुन्या रेडिओत पेटलेल्या दिसायच्या तशा या काचेच्या नळ्या. त्या तापत आणि तापल्या की बिघडत. म्हणून असल्या यंत्रांना थंड, बिनधुळीची खोली लागे आणि तिथे जाणाऱ्या माणसांवर बंधने असत. त्या काळी ते बरोबरच होते.

पुढे ट्यूब गेल्या, यंत्र लहान झाले, पण खोलीची शिस्त तशीच राहिली. आपल्या तालुक्याच्या गावी कम्प्युटर क्लास निघाले, तेव्हा बाहेर चपलांची रांग, आत गार हवा आणि भिंतीवर ‘परवानगीशिवाय हात लावू नये’ अशी पाटी आपण पाहिलीच आहे. पाटी वाचून पुरुषही बिचकत. आपण तर घरच्या विजेच्या बटणापासूनच ‘सांभाळून’ हा शब्द ऐकत मोठ्या झालेल्या.

गंमत अशी, की या यंत्राच्या जन्मवेळी त्याला हात लावणाऱ्या बायकाच होत्या. अमेरिकेत १९४६ साली ‘एनिअ‍ॅक’ नावाचा कम्प्युटर जगापुढे आला. त्यात सुमारे १८००० ट्यूब होत्या. त्याला गणिते घालून देण्याचे काम सहा तरुणींकडे होते. शिकायला पुस्तक नव्हते, तारांच्या जोडणीचे नकाशे वाचून त्यांनी यंत्र समजून घेतले. पुढे त्यांचा हात इतका बसला, की बिघाड झाला तर हजारोंतली नेमकी कोणती ट्यूब गेली, हेही त्या शोधून काढत. पण यंत्राचा गाजावाजा झाला तेव्हा त्यांची नावे मागे पडली, ती पुष्कळ वर्षांनी पुढे आली.

आपल्याकडेही काही वेगळे घडले नाही. कम्प्युटरच्या आधी टाइपरायटर होता. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि नंतर गावोगावी टायपिंगचे क्लास निघाले. आपल्या कितीतरी बहिणी, वहिनी तिथे शिकल्या. तिथे रिबन बदलणे, खिळे ब्रशने साफ करणे, अडकलेली कळ सोडवणे हे शिकणारीलाच करावे लागे. बोटे काळी व्हायची. त्याच मुली पुढे कम्प्युटरसमोर बसल्या, तेव्हा त्यांची बोटे फक्त कीबोर्डपुरती उरली. डब्याच्या आत काय आहे, हे दुसऱ्याचे काम ठरले.

खरे तर घरात आलेला डबा उघडण्यासाठीच बनलेला होता. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कम्प्युटर काढला. तो लवकर तयार व्हावा म्हणून कंपनीने बाजारात मिळणारे सुटे भाग घेऊन तो जोडला आणि त्याची रचनाही उघड ठेवली. त्यामुळे इतरांनाही तसेच कम्प्युटर जोडता येऊ लागले. आपल्याकडचा ‘असेंबल्ड’ कम्प्युटर हे त्याचेच अपत्य. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा नागपूरच्या सीताबर्डीवरून सुटे भाग आणायचे आणि चार स्क्रू पिळून डबा बंद करायचा. जो चार स्क्रूंनी बंद होतो, तो चार स्क्रूंनी उघडतोही.

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यात पोचला. नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागले. मूल, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडच्या मुली एसटीने जाऊन शिकल्या. पत्र लिहिणे, तक्ता मांडणे त्यांना आले. भर सगळा वापरण्यावर होता. यंत्र बंद पडले तर काय, हा धडा ज्याने-त्याने घरीच गिरवला.

आणि आपल्या दोन जिल्ह्यांत तो धडा फार कडक होता. पहिला शत्रू वीज. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. २००५ च्या सुमारास त्याची क्षमता २३४० मेगावॉट होती. राज्याला वीज आपण देत होतो, आणि त्याच वर्षांत आपल्या खेड्यांत भारनियमन दिवसाला दहा-बारा तासांवर गेले होते. कम्प्युटरखाली यूपीएस ठेवला तरी त्यातली बॅटरी शिशाची. ती पूर्ण भरायला सलग वीज हवी. अर्धवट भरत राहिली की तिच्या पट्ट्यांवर थर बसतो आणि ती लवकर मरते. लोक म्हणत, यूपीएस खराब निघाला. दोष भारनियमनाचा होता.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. कम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, हे पुष्कळ घरांत अनुभवले असेल. आत मोठा बिघाड झाला असे नाही. जमिनीत पुरलेली अर्थिंगची पट्टी नीट काम करत नाही, एवढाच त्याचा बहुधा अर्थ. पट्टीभोवती खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात ते ओल टिकावी म्हणून. आपल्या उन्हाळ्यात ती ओल आटते. ज्या बाईने एप्रिल-मे महिन्यांत त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतले, तिने घरातली सगळी विजेची उपकरणे सांभाळली. पाणी ओतूनही झिणझिण्या थांबल्या नाहीत, तर मात्र वायरमन बोलवावा.

तिसरा शत्रू ऊन. पारा ४६-४७ अंशांवर गेला की आपण पंख्याखाली सरकतो. डब्यातल्या भागांना सरकता येत नाही. मदरबोर्डवर छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात, त्यांच्या आतले द्रव उष्णतेने आटते. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. त्यांची टोपी फुगलेली दिसली तर समजावे, बोर्डाचे दिवस भरले. त्यात घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूरकडची काळी धूळ आणि स्वयंपाकघरातला तेलकट धूर. दोन्ही मिळून पंख्यावर थर जमतो, पंखा मंदावतो, यंत्र तापते आणि मधेच बंद पडते.

आणि चौथा तो पावसातला ‘टूं टूं’. रॅम नावाची एक पट्टी बोर्डाच्या खाचेत बसवलेली असते. दमट हवेने तिच्या सोनेरी दातांवर पातळ थर चढतो आणि संपर्क तुटतो. उपाय मुलांच्या कंपासपेटीत असतो. आधी वायर भिंतीतून काढायची, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यायची, पट्टी काढायची, दातांवरून खोडरबर हलके फिरवायचे, चुरा कोरड्या ब्रशने झटकायचा आणि पट्टी ‘टक’ आवाज येईपर्यंत परत बसवायची. तालुक्याहून येणारा माणूसही पहिल्यांदा हेच करतो.

एक मर्यादा मात्र सांगते. वीज आत येते तो डब्यातला पत्र्याचा चौकोनी भाग, पॉवर सप्लाय, तो उघडायचा नाही. जुना फुगीर मॉनिटरही नाही. वायर काढल्यावरही त्यांत वीज साठून राहते. कुठे हात लावू नये हे नेमके कळले, की बाकी ठिकाणची भीती आपोआप जाते.

आता आमच्याच बचत गटाची गोष्ट. २००८ सालची. गटाचा तीन वर्षांचा हिशेब आमच्या सचिव ताईंनी घरच्या कम्प्युटरवर घातला होता. पावसाळ्यात कम्प्युटर बंद पडला. दुकानात नेला. परत आला तो नव्यासारखा, आणि आतून रिकामा. “फॉरमॅट मारावा लागला,” एवढेच उत्तर. ताईंकडे हिशेबाची एक सीडी होती. ती लावली तर आकडे ठीक दिसत होते, पण नावे आणि मथळे सगळे इंग्रजी अक्षरांचा काला! कोणत्या बाईचे किती, काही कळेना. कोणी म्हणाले व्हायरस. कोणी हळूच म्हणाले, हिशेब मुद्दाम तर बिघडवला नाही ना? बारा जणींच्या गटात तो आठवडा फार वाईट गेला. ताईंनी रडून डोळे सुजवून घेतले होते.

कोडे सोडवले ते कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेल्या एका सुनेने. ती हिंदी टायपिंग शिकलेली. पडद्याकडे पाहून म्हणाली, “बाई, हे टी, ई, के म्हणजे ‘जमा’ आहे!” तिची बोटे ती अक्षरे वाचत होती.

झाले होते असे. तेव्हाचे शिवाजी, सुरेख, कृतिदेव हे फॉन्ट खरे तर इंग्रजी अक्षरांना मराठीचा मुखवटा चढवत. कम्प्युटरच्या पोटी साठायचे इंग्रजीच. कृतिदेवची मांडणी रेमिंग्टन टाइपरायटरवर बेतलेली, म्हणून त्यात ‘भारत’ हा शब्द एच, के, के, जे, आर असा साठतो. फॉरमॅटमध्ये फॉन्ट पुसला गेला, मुखवटा पडला. हिशेब जागेवरच होता. फॉन्ट परत घातला आणि बाराही नावे पडद्यावर उभी राहिली. ताईंना धरून दोघी-तिघी रडल्या, ज्यांनी संशय घेतला होता त्यासुद्धा.

या दुखण्यावरचे खरे औषध युनिकोड. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, कोणाचा मुखवटा लागत नाही. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे, आणि विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्टही आला. पण आपल्या दुकानांत जुने फॉन्ट पुढे कितीतरी वर्षे चालले. जुन्या फायली घरात असतील तर आजही त्या युनिकोडमध्ये बदलून ठेवता येतात. आणि फॉरमॅटला होकार देण्यापूर्वी एक प्रश्न विचारायचाच: “दादा, आतले सगळे आधी दुसरीकडे काढून ठेवले का?” आमच्या गटात तेव्हापासून हिशेब दोन ठिकाणी असतो, शिवाय वहीत.

मैत्रिणींनो, आता डबा पुन्हा बंद होत चालला आहे. मोबाइल गोंदाने चिकटवलेले, पुष्कळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली. खोडरबर फिरवायला जागाच नाही. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे पोर्टल सुरू केले, ते याच काळजीतून. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग यांची वाट मोकळी ठेवावी, असा त्याचा हेतू. नवी वस्तू घेताना आपणही विचारू या: बॅटरी बदलता येते का? भाग मिळतात का? कोण बसवून देईल?

आमची ती सून आता आमच्या भागात बायकांना रॅम काढून दाखवते. पहिल्यांदा प्रत्येकीचा हात थरथरतो. ‘टक’ असा आवाज आला की सगळ्या हसतात. या पावसाळ्यात तुमच्या घरी ‘टूं टूं’ वाजले, तर आधी वायर काढा, मग मुलाची कंपासपेटी मागा.