संगमेश्वरी बोली

संगमेश्वरी ही मराठी भाषेची एक बोली असून ती मुख्यतः महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात व त्याच्या आसपासच्या प्रदेशात बोलली जाते. देवरूख हे या तालुक्याचे मुख्यालय आहे. भाषाशास्त्रीय वर्गीकरणात ती मध्य कोकणातील मराठी बोलींच्या गटात मोडते. उत्तरेस ती रायगड जिल्ह्यातील कुणबी व आगरी बोलींना आणि दक्षिणेस राजापूरच्या पुढे मालवणीला (कुडाळीला) जाऊन मिळते. भारताच्या जनगणनेत संगमेश्वरीच्या भाषकांची स्वतंत्र नोंद होत नाही. ते सर्व मराठी भाषक म्हणूनच मोजले जातात.

नाव व व्याप्ती

शास्त्री व सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या संगमेश्वर गावावरून तालुक्याला आणि तालुक्यावरून बोलीला हे नाव मिळाले. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखाली झालेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) मराठीच्या बोलींचे वर्णन आहे. या खंडाचे संपादन नॉर्वेजियन विद्वान स्टेन कोनो यांनी केले. त्यात कोकणातील मराठीचा एक स्वतंत्र गट मानून परभी, कोळी, आगरी, कुणबी, भंडारी, कऱ्हाडी, बाणकोटी इत्यादींबरोबर संगमेश्वरीचाही समावेश केलेला आहे. यांपैकी बरीच नावे जातींची आहेत. संगमेश्वरी आणि बाणकोटी ही मात्र स्थळांवरून पडलेली नावे होत.

सर्वेक्षणाने हे नाव एका तालुक्यापुरते वापरलेले नाही. तालुक्याबाहेर, विशेषतः उत्तरेकडे, बोलल्या जाणाऱ्या जवळच्या रूपांनाही ते लावले आहे. आजच्या व्यवहारात त्याचा अर्थ बराच आकुंचित झाला असून देवरूख, साखरपा, संगमेश्वर, माखजन या परिसरातील बोलणे असाच तो घेतला जातो. स्वतः बोलणारे बहुधा कोणतेच नाव वापरत नाहीत. ‘आमची गावची भाषा’ एवढेच ते म्हणतात.

कोकणी भाषेशी संबंध

‘कोकणी’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जात असल्यामुळे संगमेश्वरीविषयी नेहमी घोटाळा होतो. रत्नागिरीचा रहिवासी स्वतःला ‘कोकणी माणूस’ म्हणवतो तेव्हा तो प्रदेशाविषयी बोलत असतो. गोव्याची राजभाषा असलेली आणि १९९२ मधील ७१व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत समाविष्ट झालेली कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे. संगमेश्वरी तिची बोली नाही.

हा फरक सर्वांत स्पष्टपणे चतुर्थी विभक्तीत दिसतो. मालवणीत व गोव्याच्या कोकणीत ‘-क’ हा प्रत्यय येतो (माका, तुका), तर संगमेश्वरीत प्रमाण मराठीप्रमाणे ‘-ला’ (माला, तुला) येतो. ‘मला पाणी दे’ हे वाक्य सावंतवाडीकडे ‘माका पाणी दी’ असे, तर देवरूखकडे ‘माला पानी दे’ असे होते. ‘कुठे’ या अर्थी मालवणीत ‘खंय’ आणि संगमेश्वरीत ‘कुटं’ म्हणतात. हा बदल एखाद्या रेषेवर घडत नाही. राजापूर तालुक्यात दोन्हीकडची रूपे सरमिसळ ऐकू येतात.

रत्नागिरी जिल्ह्यातच पूर्वी चित्पावनी आणि दालदी या बोलीही प्रचलित होत्या. सर्वेक्षणाने त्यांची, तसेच कुडाळीची, गणना कोकणीखाली केली होती. यांपैकी चित्पावनी रत्नागिरीत जवळपास नामशेष झाली असून गोव्यात व कर्नाटकाच्या किनारी जिल्ह्यांत स्थायिक झालेल्या कुटुंबांत ती टिकून आहे. भाषेची सीमा आणि जिल्ह्याची सीमा येथे कधीच एक नव्हती, असे म्हणण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

प्रदेश

संगमेश्वर तालुका सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पश्चिमेकडे खाडीपर्यंत उतरत जातो. पूर्वेस घाटमाथ्यापलीकडे सातारा, सांगली व कोल्हापूर हे जिल्हे आहेत. उत्तरेस चिपळूण, दक्षिणेस लांजा आणि पश्चिमेस प्रामुख्याने रत्नागिरी तालुका आहे. शास्त्री ही येथील प्रमुख नदी असून सोनवी, गड, बाव आदी नद्यांचे पाणी घेऊन ती जयगडच्या खाडीत समुद्राला मिळते. पूर्वी खाडीमार्गे गलबते आतपर्यंत येत. त्यामुळे घाटावरचा माल येथे उतरून जलमार्गाने पुढे जाई. कोल्हापूरकडे जाणारा आंबा घाट साखरप्यावरून चढतो. शृंगारपूरच्या वर प्रचितगड आहे. कसबा संगमेश्वर येथे कर्णेश्वराचे प्राचीन मंदिर असून फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज याच परिसरात मोगलांच्या हाती सापडले.

भूरचनेचा बोलीवर थेट परिणाम झालेला दिसतो. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, जांभ्या दगडाचे सडे, त्यांना चिरत जाणारे पऱ्हे आणि डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या असा हा मुलूख आहे. पूल व पक्के रस्ते होण्यापूर्वी पावसाळ्याचे चार महिने एका वाडीचा दुसऱ्या वाडीशी संपर्क जेमतेम राही. घाटाखालच्या गावांचे सोयरसंबंध व बाजार देशावरही होते, तर खाडीकाठच्या गावांचे किनाऱ्याशी. म्हणून ‘संगमेश्वरी’ हे नाव एक असले, तरी घाटाच्या पायथ्याचे बोलणे आणि खाडीकाठचे बोलणे यांत जाणकाराला भेद कळतो.

संगमेश्वर गाव मुंबई–गोवा महामार्गावर आहे. देवरूख महामार्गापासून आत असूनही तालुक्याचे मुख्यालय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे गेले. कचेरी, न्यायालय, शाळा आणि पुढे आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालय यांमुळे देवरूख हे शिक्षणाचे व नोकरदारांचे गाव बनले. परिणामी, ज्या गावातून तालुक्याचा कारभार चालतो तेथे प्रमाण मराठीचे वजन जास्त आणि भोवतालच्या वाड्यांत संगमेश्वरीचे, अशी स्थिती निर्माण झाली.

ध्वनी व रूपे

संगमेश्वरीत मूर्धन्य ‘ण’ च्या जागी दंत्य ‘न’ येतो: पानी, कोन, आनी. इ-कार व ए-कारापूर्वीचा ‘व’ लोप पावतो किंवा त्याचा ‘य’ होतो. विंचू, विस्तव, वीस यांचे अनुक्रमे इंचू, इस्तव, ईस, तर वेळचे येळ होते. महाप्राण व्यंजनांची तीव्रता कमी होते: आमी, तुमी, माजा, मदे. ‘ळ’ चा ‘ल’ होण्याची प्रवृत्ती उत्तरेकडे, रायगडच्या दिशेने, अधिक ठळक होत जाते.

क्रियापदाच्या प्रथमपुरुषी अनेकवचनात ‘-आव’ असा प्रत्यय आढळतो. प्रमाण मराठीतील ‘आम्ही जातो’, ‘आम्ही गेलो’ यांना येथे ‘आमी जाताव’, ‘आमी गेलाव’ अशी रूपे आहेत. प्रमाण मराठीत ‘मी जातो’ व ‘आम्ही जातो’ यांचे क्रियापद एकच असते. बोलीने मात्र एकवचन व अनेकवचन यांतील भेद जपला आहे. ‘अशुद्ध’ म्हणून शाळेत सुधारले जाणारे हे रूप व्याकरणदृष्ट्या अधिक नेमके आहे, ही गोष्ट अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘आहे’ साठी ‘हाय’, ‘नाही’ साठी ‘नाय’ ही रूपे ग्रामीण मराठीत अन्यत्रही आहेत. नात्याच्या शब्दांतील ‘बापूस’ (वडील) व ‘आवस’ (आई) ही मात्र कोकणची खूण होय.

शब्दसंपदा

या बोलीचे वेगळेपण सर्वाधिक जाणवते ते भातशेती, पाऊस व घर यांच्या शब्दांत. यांतील बरेच शब्द कोकणात सर्वत्र चालतात. तरी येथील जीवनाची घडण त्यांतून नेमकी कळते. भाताच्या रोपांना ‘तरवा’ म्हणतात. तरवा पेरण्यापूर्वी जमिनीवर झाडांच्या कापलेल्या डहाळ्या (‘कवळ’), पातेरा व शेण पसरून ती भाजणे म्हणजे ‘भाजावळ’. डोंगरउतारावरील नाचणी-वरीच्या हलक्या जमिनीला ‘वरकस’ ही संज्ञा आहे. पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीच्या दिवसांना ‘आगोट’, दगडी पायऱ्यांच्या वाटेला ‘पाखाडी’, सुट्या दगडांच्या कुंपणाला ‘गडगा’ आणि कुंपणातील आडव्या बांबूंच्या दाराला ‘बेडे’ म्हणतात. लावणीच्या वेळी पाठीवर घ्यावयाचे ‘इरले’ प्लॅस्टिकच्या कापडाने हटवले. इरले विणणारा हात गेला तसे त्याच्या भागांची नावेही मागे पडली.

समाज व राजकारण

बोलीचे सामाजिक स्थान समजण्यासाठी खोती पद्धत लक्षात घ्यावी लागते. रत्नागिरी जिल्ह्यात गावाचा सारा वसूल करण्याचा वंशपरंपरागत हक्क खोताकडे असे. खोत बहुतांशी ब्राह्मण व मराठा, काही ठिकाणी मुसलमान होते. कुळे प्रामुख्याने कुणबी व महार समाजांतील होती. सत्ता, जमीन व लेखन ज्यांच्याकडे होते त्यांचे बोलणे पुण्याच्या मराठीकडे झुकले आणि संगमेश्वरी ही कुळांची, पर्यायाने ‘कुळवाडी’ बोली ठरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला. जमिनीचे संबंध त्यानंतर बदलले. बोलीकडे पाहण्याची दृष्टी त्या वेगाने बदलली नाही. कोकणी मुसलमानांची बोली संगमेश्वरीशी निकटची असून तिच्यात अरबी-फारसी शब्दांचा भरणा अधिक आहे.

दुसरा मोठा घटक म्हणजे मुंबई. कापड गिरण्या, गोदी आणि घरकाम यांसाठी एकोणिसाव्या शतकापासून या भागातील पुरुष मुंबईला जात राहिले. गिरणगावातील खोल्यांत एकेका गावाची मंडळी एकत्र राहत असल्याने बोली तेथेही नांदली. मात्र कोकणातून आलेल्या घरगड्यांना त्यांच्या कानातील बाळ्यांवरून ‘बाल्या’ म्हटले जाई आणि त्यांचे बोलणे नाटकांतून विनोदाचा विषय होई. १९८२ च्या गिरणी संपानंतर ही वस्ती पांगली व पुढील पिढी उपनगरांत प्रमाण मराठीत वाढली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाल्यावर गणेशोत्सवाला व शिमग्याला येणे सोपे झाले, तरी स्थलांतर थांबले नाही. २००१ मध्ये १६,९६,७७७ असलेली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि हे प्रमाण राज्यात सर्वाधिक होते. घरातली कर्ती पुरुषमाणसे बाहेर असलेल्या या जिल्ह्यात बोली पुढच्या पिढीकडे पोहोचवण्याचे काम बव्हंशी स्त्रियांनी, त्यातही आज्यांनी केले आहे.

प्रशासकीय व राजकीय नकाशाने या प्रदेशाला एकसंध ओळख दिलेली नाही. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि मालवणी बोलणाऱ्यांना बराचसा स्वतःचा असा जिल्हा मिळाला. संगमेश्वरीच्या वाट्याला याच्या उलट आले. २००८ च्या पुनर्रचनेत संगमेश्वर हा विधानसभा मतदारसंघच रद्द झाला. देवरूखसह तालुक्याचा मोठा भाग चिपळूण मतदारसंघात, तर साखरप्याकडील भाग राजापूर मतदारसंघात गेला. लोकसभेसाठी हा भाग रत्नागिरी–सिंधुदुर्ग मतदारसंघात येतो. मच्छिंद्र कांबळी यांच्या ‘वस्त्रहरण’ या नाटकाने मालवणीला मराठी रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या तोडीचे व्यासपीठ संगमेश्वरीला लाभले नाही, हेही दोन बोलींच्या आजच्या स्थितीतील अंतराचे एक कारण मानता येईल.

लोककला

संगमेश्वरीचे लिखित साहित्य अल्प असून तिचा खरा आविष्कार प्रयोगकलांत आहे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, तेव्हा देवापुढे घातले जाणारे गाऱ्हाणे बोलीतच असते. ‘नमन-खेळे’ या प्रकारात गण, गवळण आणि संकासुरासारखी सोंगे असतात. पद्ये प्रमाण मराठीकडे झुकणारी आणि सोंगांचे संवाद मात्र अस्सल बोलीतले, अशी विभागणी त्यात सहसा दिसते. ‘जाखडी’ किंवा ‘बाल्या नाच’ गणेशोत्सवात होतो. त्यात शक्तीवाले व तुरेवाले अशा दोन पक्षांत सवाल-जवाब रंगतात. हेटाळणीचे नाव नृत्यप्रकाराला चिकटले आणि नाचणाऱ्यांनीच ते मिरवले, हा त्यातील लक्षणीय भाग होय. अलीकडच्या काळात ‘कोकणचा साज, संगमेश्वरी बाज’ या रंगमंचीय कार्यक्रमाने ही बोली जिल्ह्याबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंत नेली.

अभ्यास व सद्यस्थिती

डॉ. अमृत माधव घाटगे यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळासाठी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची पुस्तकमाला केली. तीत संगमेश्वरीच्या दक्षिणेची कुडाळी (१९६५) आणि उत्तरेची महाडची कुणबी (१९६६) यांवर स्वतंत्र पुस्तके आहेत. या दोहोंच्या आधारे मधल्या पट्ट्यातील रूपांची तुलना करता येते. पुण्याचे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली सर्वेक्षण प्रकल्पात राज्यभरातील गावांतून ध्वनिमुद्रित नमुने गोळा करून ते महाजालावर उपलब्ध केले आहेत. १९०५ च्या सर्वेक्षणात बोलीचे नमुने म्हणून प्रामुख्याने बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताची भाषांतरे वापरली होती. नव्या प्रकल्पात लोकांचे स्वतःचे बोलणे आले आहे.

शालेय माध्यम प्रमाण मराठी असल्याने तालुक्यातील तरुण भाषक बहुधा दोन्ही रूपे वापरतात. घरी व वाडीत संगमेश्वरी, आणि कचेरीत, महाविद्यालयात किंवा मुंबईच्या पाहुण्यांशी प्रमाण मराठी. समाजमाध्यमांवरील विनोदी चित्रफितींमुळे तरुणांत बोली लिहिण्याचा प्रघात पडू लागला आहे. लेखनाचा सर्वमान्य नियम नसल्यामुळे ‘जाताव’, ‘जातांव’ आणि ‘जातंव’ अशी एकाच रूपाची निरनिराळी लेखने त्यात आढळतात.