आधी बसायला शिका!

बूट काढा. मनगटावरचं घड्याळही काढून ठेवा. 1936 सालच्या मे महिन्यात ते तुम्हाला परवडणारं नाही. अंगात जाडाभरडा सदरा, काखेत वळकटी, फडक्यात भाकरी, कांदा आणि लसणाची चटणी. शाळेत मास्तर आहातच, आता पोरांना खेळ शिकवायची हौस आलीय. म्हणून खामगावहून अमरावतीला निघालात, उन्हाळी वर्गाला.

जलंबला गाडी बदला. डब्यात टेकायला जागा नाही. कुणाचं गाठोडं तुमच्या पायावर, कुणाचं तान्हं पोर तुमच्या मांडीवर. खिडकीच्या गजाला हात लावू नका, चटका बसेल. इंजिनातली कोळशाची कणी डोळ्यात गेली तर चोळू नका, लाल होईल. शेगाव आलं की अर्धा डबा हात जोडतो, तुम्हीही जोडा. बडनेऱ्याला पुन्हा उतरा, अमरावतीची गाडी धरा.

हे आलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलेलं. पहाटे अंधारातच शिट्टी वाजते. मल्लखांबाला चोळलेल्या एरंडेलाचा वास, आखाड्यातल्या मातीचा वास आणि गावोगावच्या मास्तरांच्या घामाचा वास, सगळे एकदम नाकात शिरतात. लेझमीच्या छणछणाटात शेजारी काय बोलतो ते ऐकू येत नाही. बोलायला मात्र विषय एकच: यंदा ऑलिंपिकच्या वेळी मंडळाची मुलं बर्लिनला आपले खेळ दाखवणार!

तुमचं बर्लिन इथेच, खो-खोच्या पाटीवर. तुम्हाला वाटलं, पळायला शिकवतील. शिकवणारे म्हणतात, "बसा."

बसलात. चवड्यांवर, एक पाय पुढे, हात जमिनीलगत. शेजारच्याचं तोंड तुमच्या उलट दिशेला. थोड्या वेळात मांड्या भरून येतात, पोटऱ्या थरथरतात, नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकतो.

"काहून मास्तर, टाच कायले टेकवता?"

टाच उचला. आता कान मागे लावा. पाठलाग करणारा तुमच्या पाठीमागून येणार, पाठीला हात लावणार, मोठ्याने "खो" म्हणणार. त्याआधी हललात तर फाऊल. तो तुमच्या जागी बसेल, तुम्ही सुटाल. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचं नाही. दुपारी लू सुटते तेव्हा ताकाचा गडवा तोंडाला लावून तुम्ही सावलीत आडवे होता आणि कळतं, दुखतंय ते पळून नव्हे, बसून.

आता बारा-तेरा वर्षं पुढे या. हिवाळा आहे. खामगावात गो. से. कॉलेज निघालंय आणि पोरांचे 'सर' तुम्ही आहात. बाहेर रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्यांची रांग, जिनिंगच्या भोंग्याचा आवाज, हवेत सरकीचा तेलकट वास. उडालेली रुई तुमच्या मिशीवर बसलीय. तुमच्याकडे फक्कीचं घमेलं, दोन लाकडी खांब आणि शिट्टी. पाटी स्वतःच आखा. वाकल्यावर कंबर कुरकुरते, तिकडे लक्ष देऊ नका.

अकोल्याची पोरं सामन्याला आलीत. मैदानाभोवती माणसावर माणूस. झाडावर, भिंतीवर, उभ्या बैलगाडीच्या जुवावरसुद्धा पोट्टे चढलेत. त्यांचा गडी भलता चपळ. बसलेल्यांमधून नागमोडी साखळी पळतो, हुलकावणी देतो, तुमच्या पोरांची दमछाक करतो. लोक ओरडतात, "धर त्याले! धर!" तुमचेही पाय शिवशिवतात. पण रेघेच्या आत पाऊल टाकायची तुम्हाला परवानगी नाही. शिकवलेलं त्यांच्या अंगात उतरलंय की नाही, एवढंच बघत राहायचं.

आणि तो तिसऱ्या जागेवरचा पोरगा, ज्याला उठायची सदा घाई, तो आज दगडासारखा बसलाय. टाच वर, कान मागे. गडी त्याच्यासमोरून जाताना बेसावध होतो. "खो!" पोरगा उसळतो, सूर मारतो, बोटं जेमतेम लागतात. बाद! धुळीच्या लोटात टोप्या उडतात आणि कुणीतरी तुमच्या पाठीत असा गुद्दा घालतो की शिट्टी तोंडातून निसटते.

जल्लोष उरकून घ्या. उद्या पहाटे नवी पोरं येतील आणि प्रत्येकाला पळायचं असेल. त्यांना आधी बसवा.