अर्थिंग

आज वाडीत अमरावती रोडवर उभं राहिलं तर दिसतात ट्रक, गोदामं, टायरवाले, बॅटरीवाले आणि पाटे ठोकणारे मिस्त्री. माझ्या लहानपणी इथं शेतं होती, संत्र्याच्या बागा होत्या. पण लोखंडाचा वास तेव्हाही होताच. एका बाजूला अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी, दुसऱ्या बाजूला वायुसेनेची वसाहत. नागपूर-कामठीकडे लष्कराचा जुना माल लिलावात निघे, त्याला आम्ही डिस्पोजल म्हणायचो. डिस्पोजलची जीप घेतली म्हटलं की गावात मान असे.

आमच्या दादानं घेतली ती अख्खी जीप नव्हती, नुसती चेसिस होती. चार चाकं, स्टिअरिंग आणि कागदपत्रं. इंजिन बसवलं जुन्या फियाटचं, तेही गिअरबॉक्ससकट. मधला शाफ्ट लेथवर कापून, वेल्डिंग करून मापात आणला. मागं फळ्यांचा हौदा ठोकला. दोन बैल विकले तेव्हा हे काम पुरं झालं. बाबा म्हणाले, "बैल चारा खाते, पण अंधारात घरी तरी आणून सोडते. हे तुयं लोखंड काय करन?" दादा काही बोलला नाही. संत्री बाजारात पहाटे सगळ्यांच्या आधी पोचायचं, दलालाला दाबून भाव मागायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आपल्याकडं घरी गाडी बनवायचं वेड एकट्या दादाला नव्हतं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वातंत्र्याच्या आधीपासून छोट्या मोटारीचा ध्यास घेतला होता. शाळा फार शिकलेले नव्हते. 1949 साली त्यांची पहिली छोटी गाडी उभी राहिली, आणि पुढं पंचवीस वर्षं ते तीच सुधारत बसले. 1975 पर्यंत 'मीरा' तयार झाली. किंमत बारा हजारांच्या आसपास राहील असा त्यांचा हिशेब होता. कारखाना मात्र निघाला नाही. अलीकडं सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप केली. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. लोहारांची जीप मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होते. 2022 च्या जानेवारीत आनंद महिंद्रांनी ती ठेवून घेऊन त्यांना नवी बोलेरो दिली. पेपरात तो फोटो पाहिला आणि मी बराच वेळ पेपर मिटलाच नाही. दादाच्या गाडीची आठवण आली, आणि त्या गाडीपायी मी जे केलं त्याचीही.

ते सांगण्याआधी अर्थिंग म्हणजे काय ते सांगतो. विहिरीवरच्या मोटारीचं अर्थिंग शेतकऱ्याला ठाऊक असते. खड्डा खणायचा, पट्टी पुरायची, कोळसा-मीठ टाकायचं, उन्हाळ्यात त्यावर पाणी घालायचं. ते अर्थिंग माणसाचा जीव वाचवायला असते. गाडीचं अर्थिंग वेगळं. गाडी रबराच्या टायरवर उभी, तिचा जमिनीशी संबंध काय? तरी नाव तेच राहिलं, त्याला कारण आहे. 1838 साली जर्मनीत म्युनिकच्या श्टाइनहाइल नावाच्या शास्त्रज्ञाला दिसलं की तारायंत्राला जाण्या-येण्याच्या दोन तारा लागत नाहीत. एक तार पुरते, परतीचं काम जमीन करते. पुढं मोटारगाड्यांत हीच युक्ती आली. बॅटरीची एक तार दिव्याकडं जाते, परतीची वाट गाडीचं लोखंडच देते. अर्धी तार वाचली. जमिनीच्या जागी चेसिस आली, नाव मात्र जमिनीचंच राहिलं.

पण तार वाचली तरी परतीची वाट वाचत नाही. ती लोखंडाला लोखंड घट्ट टेकण्यावर अवलंबून असते. मधे गंज, ग्रीस, माती किंवा रंग आला की वाट बंद.

1983 च्या दसऱ्याची गोष्ट. गाडीची पूजा करायची होती. मी बाविसाव्या वर्षात होतो, दहावी होऊन शेतात लागलेला, आणि गाडीचा मला दादापेक्षा जास्त अभिमान. म्हटलं, दसऱ्याला गाडी नवरीसारखी दिसली पाहिजे. चार दिवस बसून मी तिच्या साऱ्या तारा सोडवल्या. चेसिस घासली, रेडऑक्साईडचा हात मारला, वर काळा चकचकीत ऑइलपेंट दिला. वाळल्यावर तारा जागच्या जागी लावल्या. बॅटरीची जाड तार, इंजिनापासून चेसिसला जाणारी विणलेली पट्टी, पुढच्या दिव्यांच्या तारा, सगळ्यांची थिंबलं त्या सुंदर रंगावर ठेवून बोल्ट आवळले. झेंडूचा हार घातला. गावातले लोक बघायला आले.

गाडी चालू झाली, दिवे लागले. बोल्टच्या आट्यांतून थोडाफार संबंध राहिला असणार. पण दिवाळीनंतर तिची तऱ्हा बिघडली. स्टार्टर मारला की चोकची तार गरम व्हायची. एकदा तर धूर निघाला आणि तार आत चिकटली. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणायचा. मोठे दिवे लावले की पिवळे पडायचे. आम्ही बॅटरीला दोष दिला, तिला दुकानात नेऊन चार्ज करून आणली. गाडी बोलत होती, आम्हाला तिची भाषा येत नव्हती.

आंबिया बहार ऐन भरात होता. एका पहाटे तीनच्या सुमारास हौदाभर संत्री घेऊन आम्ही निघालो. मी मागं मालावर बसलेला. थंडी होती, रोडवर धुकं. नागपूरच्या अलीकडं उतारावर गाडीनं एक गचका खाल्ला आणि पुढचे दोन्ही दिवे एकदम गेले. समोर कापसाची बैलगाडी होती, तिला कंदील नव्हता. दादानं स्टिअरिंग फिरवलं. बंडी वाचली, बैल वाचले. आमची गाडी पुलियाच्या कठड्यावर बसली. संत्री उतारावरून गडगडत गेली, तो आवाज मला अजून ऐकू येतो. दादाचा उजवा गुडघा डॅशबोर्डाच्या लोखंडी पट्टीखाली आला. तो पाय पुन्हा नीट वाकला नाही. मांडी घालून पंगतीत बसणं त्या दिवशी संपलं. संत्र्याच्या झाडाखाली उकिडवं बसून आळं करणंही संपलं.

दादा सगळ्यांना सांगायचा, "दिवा गेला. नशीब." बाबा काही बोलले नाहीत. नवे बैल आणले.

दोन-तीन महिन्यांनी मी ती गाडी ओढत वायरिंगच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीनं बॅटरीला हात लावला नाही. दिवे लावायला सांगितले, मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसवर ठेवली, दुसरी दिव्याच्या पत्र्यावर. काटा अडीच-तीन व्होल्टवर गेला. "इथं काटा हलाले नाही पायजे. अर्धा व्होल्ट म्हणजे लय झाला. तुये तीन व्होल्ट रस्त्यातच सांडून राह्यले."

मग त्यानं मला समजावलं ते असं. मोटेचा बैल धावेवरून खाली जातो. परत थारोळ्याशी आलाच नाही, तर दुसरी मोट निघन का? करंटचंही तसंच. जाणाऱ्या तारेकडं सगळे पाहतात, येणाऱ्या वाटेकडं कोणी पाहत नाही.

हिशेब मी पुढं पुस्तकं वाचून शिकलो. 45 वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टवर साडेसात ॲम्पियर घेतात. जोडात नुसता अर्धा ओहम अडथळा आला तर जवळपास तीन व्होल्ट तिथंच जातात, दिव्याला नऊ उरतात. तारेचा दिवा असा की व्होल्ट पाऊण झाले तर उजेड निम्म्याच्याही खाली येतो. स्टार्टरचं तर विचारूच नका, तो शंभर ॲम्पियरच्या वर ओढतो. इंजिन रबरावर बसलेलं असते, चेसिसला टेकत नाही. म्हणून ती विणलेली पट्टी लागते. पट्टीची वाट बंद झाली की करंट मिळेल ती वाट धरतो. आमच्या गाडीत त्यानं चोकची बारीक तार धरली होती.

मिस्त्रीनं पट्टीचा बोल्ट खोलला. थिंबलाखाली माझा काळा रंग आरशासारखा चमकत होता. त्यानं नखानं खरवडलं आणि विचारलं, "रंग कोणं मारला हा?"

मी म्हटलं, "पेंटरनं."

"मंग त्या पेंटरले सांगजो, आधी लोखंड उघडं कर, बोल्ट आवळ, मंग वरून रंग मार."

त्या दिवशी आम्ही सगळी अर्थिंग नव्यानं केली. जिथं जागा दिसली तिथं लावलेल्या अकरा तारा होत्या. पुढं एक, मागं एक अशा दोनच जागा ठरवल्या. काचकागदानं लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं. थिंबलं तारेला नुसती दाबली नाहीत, कथलानं झाळली. खाली दातेरी वायसर टाकला, तो आवळताना लोखंडात रुततो. वरून व्हॅसलिन लावलं, मग रंग. बॅटरीची मायनस तार सरळ गिअरबॉक्सच्या बोल्टला, तिथून पट्टी चेसिसला. संध्याकाळी दिवे लावले तर समोरची भिंत पांढरी झाली. मला रडू आलं. मिस्त्रीला वाटलं आनंदानं.

दादाला मी सांगितलं नाही. एक वर्ष, दोन वर्षं, मग सांगण्याची वेळच निघून गेली असं वाटायला लागलं. पुढं 1988 चा मोटार वाहन कायदा आला. कलम 52 प्रमाणं गाडीत मोठे फेरबदल करायचे तर परवानगी पाहिजे. आमच्या गाडीत मूळ काय आणि फेरबदल काय हेच सांगता आलं नसतं. ती भंगारात गेली. कायदा बरोबरच आहे, असं मी तरी म्हणतो. ज्याची गाडी अंधारात बंद पडली आहे त्यानं दुसरं काय म्हणावं?

दादाला सांगितलं ते बाबांच्या तेरवीच्या दिवशी. सगळे जमिनीवर पंगतीत बसलेले, तो एकटा खुर्चीवर. मला पाहवलं नाही. पंगत उठल्यावर मागच्या अंगणात गेलो आणि म्हटलं, "दादा, दिवा नशिबानं नाही गेला. म्या रंगावर थिंबल बसवलं होतं."

तो तंबाखू मळत होता. मळतच राहिला. म्हणाला, "रंगाचा डबा कोणं आणून देल्ला होता बे? मीनंच ना?" मग थोडा वेळ थांबून, "इतके दिवस काहून नाही सांगतलं?"

त्याला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पाय मोडला तो एका पहाटेत. मी मात्र चौदा वर्षं त्याच्या डोळ्यांत न पाहता बोलत होतो.

आता माझ्याकडे ट्रॅक्टर आहे. दसऱ्याला पोरं त्याला धुतात, हार घालतात. पूजेच्या आधी मी काचकागद घेऊन खाली शिरतो, अर्थिंगचा बोल्ट खोलतो, लोखंड पांढरं करतो, परत आवळतो. नातू विचारतो, आजोबा, तो बोल्ट तर दिसतच नाही, त्याला कायले घासता? मी त्याला टॉर्च धरायला लावतो.