अमेरिकेतील विमान-नियंत्रकांचा संप (१९८१) : कायदा आणि शासनाची सज्जता

विमानवाहतूक खंडित झाली म्हणजे शासनापुढे दोन प्रश्न उभे राहतात : वाहतूक कशी चालू ठेवावयाची आणि ती बंद पाडणाऱ्यांशी कसे वागावयाचे. ३ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेतील सुमारे १३,००० विमान-नियंत्रकांनी संप पुकारला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यावर किती अवलंबून असते, हे त्या संपाच्या इतिहासावरून दिसून येते.

हे नियंत्रक संघराज्य-शासनाचे नोकर होते. ‘पॅट्को’ ही त्यांची संघटना १९६८ साली स्थापन झाली. मोठी वेतनवाढ व ३२ तासांचा आठवडा या तिच्या प्रमुख मागण्या असून, कामातील मानसिक ताण हे त्यांचे मुख्य समर्थन होते. जून १९८१ मधील तात्पुरता करार सभासदांनी प्रचंड बहुमताने फेटाळला. वस्तुतः १९८० च्या निवडणुकीत याच संघटनेने रेगन यांना पाठिंबा दिला होता. तथापि अध्यक्ष रेगन यांनी संपकऱ्यांना ४८ तासांची मुदत दिली आणि ५ ऑगस्टला ११,००० हून अधिक नियंत्रकांना बडतर्फ केले.

या कारवाईस कायद्याचा आधार होता. संघराज्य-शासनाच्या नोकरांना संपाची मनाई होती आणि प्रत्येक नियंत्रकाने तशी शपथही घेतली होती. परंतु एवढ्याने निर्णयाचा उलगडा होत नाही. मार्च १९७० मध्ये टपाल-कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हाही ही मनाई होतीच. निक्सन यांनी न्यूयॉर्कला सैनिक पाठविले. पण टपालाचे काम त्यांना पेलले नाही. अखेर वाटाघाटी झाल्या आणि कर्मचाऱ्यांना पगारवाढ मिळाली.

१९८१ मध्ये परिस्थिती निराळी होती. गजबजलेल्या विमानतळांवरील उड्डाणे निम्म्यावर आणण्याची योजना विमानवाहतूक-प्रशासनाने आधीच सिद्ध ठेवली होती. पर्यवेक्षक, संपात न उतरलेले नियंत्रक आणि लष्करी नियंत्रक यांच्या साहाय्याने वाहतूक चालू राहिली. सारांश, मनाई जुनीच होती. ती अंमलात आणण्याचे सामर्थ्य मात्र या सज्जतेने दिले.

ऑक्टोबर १९८१ मध्ये ‘पॅट्को’ची मान्यता रद्द झाली. शासनाचा विजय निर्विवाद होता. पण त्याचे मोलही मोठे होते. अनुभवी नियंत्रकांची जागा भरून काढण्यास कित्येक वर्षे लागली. बडतर्फ नियंत्रकांच्या फेरनेमणुकीवरील बंदी क्लिंटन यांनी १९९३ साली उठविली. तोवर एक तप लोटले होते. दरम्यान, बडतर्फांच्या जागी आलेल्या नियंत्रकांनीही कामाच्या परिस्थितीविषयी असंतोष व्यक्त करून १९८७ मध्ये नवी संघटना उभारली. वाहतुकीचा खंड शासनाने भरून काढला. ज्या गाऱ्हाण्यांतून तो उद्भवला, ती मात्र संघटनेबरोबर नाहीशी झाली नाहीत.