"मुळासकट काढून टाका, डॉक्टर!" : डॉ. बर्नार्ड फिशर यांची गोष्ट

काही महिन्यांपूर्वी माझ्या एका जुन्या पेशंटची सून रिपोर्टची फाईल घेऊन आली. वय पन्नाशीच्या अलीकडे, शाळेत शिक्षिका. उजव्या स्तनात दोन सेंटिमीटरची गाठ, बायोप्सीत कॅन्सर निघालेला. सर्जनने तिला सांगितलं होतं, की फक्त गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढू, मग रेडिएशन देऊ, पूर्ण स्तन काढायची गरज नाही. हे ऐकून घरचे सुखावतील असं तुम्हाला वाटेल. झालं उलटंच. सासूबाई म्हणाल्या, "अर्धवट कशाला ठेवायचं? मुळासकट काढून टाका, डॉक्टर." नवऱ्याचंही तेच मत. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनातही तीच भीती होती.

'मुळासकट' हा शब्द ऐकला आणि मला गंमत वाटली. कारण ज्या ऑपरेशनने जवळजवळ ऐंशी वर्षं जगावर राज्य केलं, त्याचं नावच 'रॅडिकल मॅस्टेक्टॉमी', आणि रॅडिकल म्हणजे मुळापासून. सासूबाई शंभर वर्षांपूर्वीच्या सर्वात मोठ्या सर्जनची भाषा बोलत होत्या. ती भाषा चुकीची कशी ठरली, आणि ती चूक दाखवणाऱ्या माणसाला काय भोगावं लागलं, हे मी त्या दिवशी तिला थोडक्यात सांगितलं. इथे जरा सविस्तर सांगतो.

विल्यम हॉल्स्टेड हे अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे सर्जन. १८९४ साली त्यांनी आपल्या पन्नास पेशंटचा अहवाल छापला. त्यांचं म्हणणं असं, की स्तनाचा कॅन्सर पायरी-पायरीने पसरतो. आधी गाठ, तिथून शेजारच्या काखेतल्या लसिकाग्रंथी (ज्यांना आपण 'काखेतल्या गाठी' म्हणतो), आणि तिथून पुढे शरीरभर. म्हणजे वाटेतले सगळे मुक्काम एकाच वेळी साफ केले की रोग संपला. म्हणून ते पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढत. त्या काळात पेशंट फार उशिरा, मोठ्या आणि फुटलेल्या गाठी घेऊन येत. भूल आणि निर्जंतुकीकरण नुकतंच रुळत होतं. अशा काळात त्याच जागी गाठ पुन्हा उगवण्याचं प्रमाण हॉल्स्टेडनी खूपच खाली आणलं. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही.

पण त्या बाईचं काय व्हायचं? छातीच्या त्या बाजूला फासळ्यांवर नुसती कातडी उरायची. काखेत खड्डा पडायचा. लसिकेची वाट बंद झाल्यामुळे हात सुजायचा, कधीकधी इतका की ब्लाउजच्या बाहीत जात नसे. आणि एवढं करूनही पुष्कळ बायका काही वर्षांनी हाडात, फुप्फुसात किंवा यकृतात पसरलेल्या कॅन्सरने जात. त्यावर सर्जनांनी काढलेला निष्कर्ष असा, की आपण पुरेसं काढलं नाही! मग काहींनी छातीच्या हाडामागच्या ग्रंथीही काढायला सुरुवात केली. स्थानिक जागा स्वच्छ आहे आणि पेशंट तरीही दगावते, तर मुळात हिशेबच चुकत असेल, ही शंका फार थोड्यांना आली. लंडनच्या जेफ्री केन्स यांना आली. (प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे हे धाकटे भाऊ.) त्यांनी १९२०-३०च्या दशकांत लहान ऑपरेशन आणि रेडियमच्या सुया वापरून चांगले निकाल मिळवले. अमेरिकेत क्लीव्हलंडचे जॉर्ज क्राइल ज्युनियर यांनी तेच बोलून दाखवलं. दोघांचंही कोणी फारसं ऐकलं नाही. एका सर्जनचा अनुभव विरुद्ध दुसऱ्या सर्जनचा अनुभव, यात ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो.

बर्नार्ड फिशर यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, पिट्सबर्गचा. तिथेच शिकले, १९४३ साली डॉक्टर झाले, तिथेच सर्जन म्हणून राहिले. त्यांना खरं वेड होतं ते प्रयोगशाळेचं. यकृताचा काही भाग कापला तर तो पुन्हा कसा वाढतो, अवयवरोपण कसं करता येईल, असे त्यांचे विषय. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्यांना विशेष रस नव्हता. १९५०च्या दशकाच्या शेवटी पेनसिल्व्हेनियाचे ज्येष्ठ सर्जन इसिडोर रॅव्हडिन यांनी त्यांना एका बैठकीला बोलावलं. ऑपरेशननंतर औषधं देऊन उपयोग होतो का, हे अनेक रुग्णालयांनी मिळून तपासायचं, असा तो बेत होता. फिशर काहीशा नाखुशीनेच गेले. वरिष्ठांनी बोलावलं की जावं लागतं, हे आमच्या व्यवसायात जगभर सारखंच.

मात्र तिथे त्यांना पहिल्यांदा जाणवलं, की कॅन्सर कसा पसरतो याबद्दल आपण सगळे फक्त गृहीत धरून चाललो आहोत. मग त्यांनी आणि त्यांचे भाऊ एडविन (हे पॅथॉलॉजिस्ट) यांनी प्राण्यांवर प्रयोगांची मालिकाच लावली. लसिकाग्रंथी हा कॅन्सरच्या पेशींना अडवणारा बांध आहे, हे हॉल्स्टेडचं गृहीतक. या भावांना दिसलं, की पेशी ग्रंथीतून पार होतात आणि रक्त व लसिका यांच्यात ये-जा करतात. एका प्रयोगात त्यांनी उंदरांच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत कॅन्सरच्या अगदी मोजक्या पेशी सोडल्या. कित्येक महिने काहीच दिसलं नाही. पण त्यातल्या काही प्राण्यांचं पोट पुन्हापुन्हा उघडून पाहिलं, तेव्हा त्यांच्या यकृतात गाठी उगवल्या. पेशी मेल्या नव्हत्या, दडून बसल्या होत्या.

याचा अर्थ असा, की बाई सर्जनकडे येते तेव्हाच काही पेशी रक्तातून दूर पोचलेल्या असू शकतात. तसं असेल तर छातीचा स्नायू काढून त्यांचं काय बिघडणार? आणि पोचल्या नसतील, तरीही तो स्नायू काढायचं कारण नाही. दूरच्या पेशींसाठी औषध लागेल, आणि जवळच्या गाठीसाठी लहान ऑपरेशन पुरेल. आज हे वाचताना सरळ वाटतं. तेव्हा हे बोलणं म्हणजे गुरूच्या तोंडावर गुरुमंत्र खोटा म्हणण्यासारखं होतं.

१९६७ साली फिशर त्या गटाचे प्रमुख झाले. प्राण्यांवरचं माणसाला लागू होतं का, हे पाहायला एकच रस्ता होता, यादृच्छिक चाचणी. म्हणजे कोणत्या बाईला कोणतं ऑपरेशन हे सर्जनने ठरवायचं नाही, जणू चिठ्ठी टाकून ठरवायचं. का? कारण सर्जनने निवडलं तर तो नकळत लहान गाठीवाल्या, धडधाकट बायकांना लहान ऑपरेशन देतो, आणि मग निकाल चांगला आला तरी श्रेय ऑपरेशनचं की निवडीचं, हे कळत नाही.

१९७१ साली अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णालयांत ही चाचणी सुरू झाली. एकूण १६६५ बायका. ज्यांच्या काखेत हाताला गाठ लागत नव्हती त्यांचे तीन गट केले. एका गटात हॉल्स्टेडचं पूर्ण ऑपरेशन, दुसऱ्यात फक्त स्तन काढून रेडिएशन, तिसऱ्यात नुसता स्तन काढायचा, काखेला हातच लावायचा नाही, पुढे गाठ लागली तरच ती काढायची. २५ वर्षं पाठपुरावा केला. जगण्याच्या प्रमाणात तिन्ही गटांत फरक निघाला नाही.

यातला एक तपशील मला फार आवडतो. पहिल्या गटात ज्यांच्या ग्रंथी काढल्या, त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के बायकांच्या ग्रंथींत कॅन्सर सापडला. चिठ्ठी टाकून गट केलेले असल्यामुळे तिसऱ्या गटातही साधारण तेवढ्याच बायकांच्या काखेत तो असणार. पण त्यांच्यात पुढे काखेत गाठ वाढली ती जेमतेम १८-१९ टक्क्यांत. म्हणजे मागे राहिलेला कॅन्सर दर वेळी वाढतोच असंही नाही! 'मुळासकट'वाल्या विचाराला याहून मोठा धक्का कोणता असेल?

त्या काळाचं आणखी एक वास्तव सांगायला हवं. तेव्हा बाईला भूल द्यायचे, गाठ काढून ती लागलीच तपासायची, आणि कॅन्सर निघाला तर त्याच टेबलावर स्तन काढून मोकळे व्हायचे. शुद्धीवर आल्यावर हात छातीकडे नेल्याशिवाय तिला कळायचंही नाही की काय झालं. रोझ कुश्नर नावाच्या एका पत्रकार बाईने १९७४ साली याला नकार दिला. आधी बायोप्सी, मग मी ठरवेन, हा तिचा हट्ट, आणि असा सर्जन शोधताना तिची दमछाक झाली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचं जुन्या पद्धतीचंच ऑपरेशन झालं आणि हा विषय घराघरांत पोचला. डॉक्टर मंडळी फिशरवर चिडलेली असताना बायकांच्या चळवळीने त्यांना बळ दिलं.

पुढची पायरी, स्तन ठेवूनच ऑपरेशन करायचं. १९७६ साली ती चाचणी सुरू झाली. पेशंट मिळेनात, कारण अनेक सर्जन पाठवायलाच तयार नव्हते. अखेर १८५१ बायकांचा हिशेब लागला. एका गटात पूर्ण स्तन काढला, दुसऱ्यात फक्त गाठ, तिसऱ्यात गाठ काढून रेडिएशन. वीस वर्षांनंतर तिन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच होतं. मात्र नुसती गाठ काढलेल्यांपैकी ३९ टक्के बायकांच्या त्याच स्तनात रोग परतला, तर रेडिएशन घेतलेल्यांत तो १४ टक्क्यांमध्ये. रेडिएशन 'उगाच वरून' देत नाहीत, ते याच आकड्यासाठी. इटलीत मिलानला उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी स्वतंत्रपणे केलेल्या चाचणीतही हेच दिसलं, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. १९८५ साली फिशरना लास्कर पुरस्कार मिळाला.

आणि मग १९९४ साल उजाडलं. मी तेव्हा एमडी करत होतो. वॉर्डात सुजलेल्या हाताच्या बायका मी पाहिल्या होत्या, म्हणून ती बातमी लक्षात राहिली. मॉन्ट्रियलच्या एका सर्जनने फिशरच्या चाचण्यांत पाठवलेल्या काही पेशंटच्या नोंदी खोट्या निघाल्या. नियमात बसत नसलेल्या बायकांना चाचणीत घेता यावं म्हणून तारखा वगैरे बदललेल्या. गडबड पकडली ती फिशरच्याच कार्यालयाने, आणि सरकारी संस्थेला कळवलीही होती. पण त्यांनी ही गोष्ट जगासमोर मांडायला आणि आकडे पुन्हा छापायला उशीर केला. वर्तमानपत्रात मथळा आल्यावर गहजब झाला. ज्या लाखो बायकांनी स्तन ठेवायचं ठरवलं होतं, त्यांची झोप उडाली. संसदेच्या समितीपुढे चौकशी झाली आणि पंचाहत्तरीच्या फिशरना प्रमुखपदावरून काढण्यात आलं. त्यांच्या शोधनिबंधांवर सरकारी सूचीत गैरव्यवहाराचा शिक्काही मारला गेला.

माझं मत विचाराल तर उशीर ही त्यांची चूकच होती. पेशंटच्या जिवाशी संबंधित आकड्यात खोट सापडली तर ती त्या दिवशी सांगायला हवी, निष्कर्ष बदलत नसला तरी. पण शिक्षा चुकीच्या मानाने अवाढव्य होती. त्या सर्जनचे सगळे पेशंट वगळून पुन्हा हिशेब केला, तर निकाल जसाच्या तसा आला. फिशर कोर्टात गेले. १९९७ साली तडजोड झाली, विद्यापीठाने माफी मागितली आणि पावणेतीन दशलक्ष डॉलर दिले.

म्हातारपणी बदनामी झाली म्हणून ते घरी बसले नाहीत. पदावरून जाण्याआधी १९९२ साली त्यांनी आणखी एक मोठी चाचणी सुरू केली होती. स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त असलेल्या, पण अजून कॅन्सर न झालेल्या १३,३८८ बायकांना टॅमॉक्सिफेन किंवा दिसायला तशीच बिनऔषधी गोळी दिली. १९९८ साली निकाल छापला, पहिलं नाव फिशरचंच. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत कॅन्सर जवळजवळ निम्म्याने कमी झाला होता. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर काहीसा वाढला, विशेषतः पन्नाशीपुढे, म्हणून ही गोळी मनाने घ्यायची नाही. १६ ऑक्टोबर २०१९ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी ते गेले.

आता आमच्या शिक्षिकाबाईंकडे येऊ. सगळं ऐकून सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "त्या बायका चिठ्ठीला तयार कशा झाल्या?" मला खरंच उत्तर देता आलं नाही. एवढंच म्हणालो, की त्या झाल्या म्हणून तुमच्या सुनेला आज निवड आहे.

हेही स्पष्ट केलं, की पूर्ण स्तन काढणं चुकीचं नाही. गाठ मोठी असेल, एकाच स्तनात अनेक ठिकाणी रोग असेल, आधी छातीवर रेडिएशन झालं असेल, तर तेच योग्य ठरतं. काहींना आधी केमो देऊन गाठ लहान करता येते. आपल्याकडे एक कारण पुस्तकात नसतं. रेडिएशनचं मशीन जिल्ह्याच्या गावी नाही, शहरात काही आठवडे राहायची सोय नाही, म्हणून अनेक बायका स्तन काढून घेतात. त्यांना दोष कसा द्यायचा?

बाईंनी दोन दिवस मागितले. या रोगात दोन दिवसांनी काही बिघडत नाही, हेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी फोन आला, पुण्याला मावसबहिणीकडे राहायची सोय झाली होती. ऑपरेशन झालं, काखेतल्या दोनच ग्रंथी काढून तपासल्या, दोन्ही स्वच्छ निघाल्या. रेडिएशनच्या काळात सोबतीला सासूबाईच गेल्या होत्या.