महसूल खातें आणि खानदेश

महसूल खात्याचा इतिहास मुंबईच्या सचिवालयांतून सांगण्याची वहिवाट आहे. तो खानदेशच्या बांधावरून अधिक स्पष्ट दिसतो. इ. स. १८५२ मध्यें कंपनी सरकारनें नवी जमीनमोजणी आरंभिली. सारा वाढणार या धास्तीनें सावदा, यावल, एरंडोल या बाजूंचे शेतकरी हजारोंनीं मोजणी-अंमलदारांविरुद्ध उठले. दाद मागावी असा मंत्री तेव्हां कोठचा? उत्तरादाखल फौज आली व पुढारी पकडले गेले.

१९२१ सालीं द्विदल राज्यपद्धति आली. शिक्षणादि खातीं लोकनियुक्त मंत्र्यांस सोंपविलीं, पण जमीनमहसूल ‘राखीव’च राहिला. ज्या खात्यावर तिजोरी चाले तें सरकार सोडील कसें! पुढें डिसेंबर १९३६ मध्यें सावद्याशेजारींच फैजपुरास काँग्रेस भरली व शेतसारा कमी करण्याचा ठराव झाला. वर्षाच्या आंत मोरारजी देसाई खेर मंत्रिमंडळाचे महसूलमंत्री झाले. तथापि १९३८ मध्यें अतिवृष्टीनें पूर्व खानदेशांतील पिकें बुडालीं, तेव्हां सारामाफीसाठीं साने गुरुजींना आपल्याच पक्षाच्या मंत्रिमंडळापुढें रान उठवावें लागलें. मंत्री आपला झाला म्हणून सारा आपोआप सुटत नाहीं. फरक एवढाच कीं, त्याला जाब विचारतां येत होता.

१९७८ च्या पुलोद मंत्रिमंडळांत खानदेशचे उत्तमराव पाटील व २०१४ मध्यें एकनाथ खडसे याच खात्याचे मंत्री झाले. तोंवर शेतसारा राज्याच्या जमेंत नांवापुरता उरला होता. महसूल खात्याचा माणूस आज बांधावर येतो तो बहुधा बुडालेल्या पिकाचा पंचनामा करावयास.