‘दे दान, सुटे गिराण’ : ग्रहण चंद्राला, झोळी आपल्या खांद्यावर

विजयदुर्ग किल्ल्यावर गेलात की ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथेच दुर्बीण लावली आणि हेलियम शोधला, असं सांगितलं जातं. त्या तारखेला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. सिंधुदुर्गच्या माणसाला ऐकून बरं वाटतं. पण लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. ते ग्रहण फ्रान्सच्या झान्सेनने गुंटूरहून पाहिलं. लॉकियरने सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच तपासला. खरं एवढंच की चंद्राची गडद सावली कोकण किनाऱ्यावरून जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणमकडे गेली आणि विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता.

साहेबाच्या नावाने ओटे उभे आहेत. त्याच सावलीखाली आलेल्या गावकुसाबाहेरच्या माणसांचा ग्रहणाशी काय संबंध होता, हे मात्र कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नाही.

संबंध होता, आणि तो ठरवून दिलेला होता. ग्रहण लागलं की महार-मांगांनी गावात फिरायचं आणि ‘दे दान, सुटे गिराण’ म्हणून ओरडायचं. मग घराघरातून जुनेर, धान्य, एखादा पैसा वरून टाकला जायचा. कारण काय, तर चंद्रसूर्याला गिळणारे राहू-केतू हे याच जातींचे! राहूच्या माणसांना दान दिलं की राहू चंद्राला सोडतो. म्हणजे आकाशातल्या सावलीलाही यांनी जात चिकटवली. ज्याची सावली अंगावर पडली तर विटाळ होतो, त्याच्याच जातीचा राक्षस चंद्राला विटाळतो, असा हा हिशेब. वर ग्रहण सुटल्यावर आंघोळ करायची ती वेगळीच.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघू. मालवणच्या रापणीवरच्या माणसाला चंद्र शिकवावा लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हे गणित तो तोंडावर करतो. भरती रोज साधारण दोन घटका पुढे सरकते, कारण चंद्रच रोज तेवढा उशिरा उगवतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळपास एका ओळीत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि समुद्राला उधाण येतं. अष्टमीच्या आसपास ती ओढ आडवी-उभी होते, तेव्हा भांग. ग्रहणंही याच दोन तिथींना होतात. अमावास्येला चंद्र मध्ये आला तर सूर्यग्रहण, पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरला तर चंद्रग्रहण.

मग दर महिन्याला उधाण येतं, ग्रहण का नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. बहुतेक वेळा चंद्र त्या ओळीच्या थोडा वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही कक्षांची पातळी जिथे एकमेकांना छेदते असे दोन बिंदू आहेत. अमावास्या किंवा पौर्णिमा त्यांच्याजवळ पडली तरच ग्रहण. आणि पंचांग करणारे या दोन बिंदूंनाच राहू आणि केतू म्हणतात! गणितात राहू हा एक बिंदू आहे, त्याला तोंड नाही, पोट नाही, जात तर नाहीच.

हे ज्ञान नवं नाही. इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते, असं स्पष्ट आहे. पण सव्वाशे वर्षांनी, इ.स. ६२८ च्या सुमारास, ब्रह्मगुप्त राहू नाकारणाऱ्यांना वेद-स्मृतींचा दाखला देऊन फटकारतो आणि ग्रहणाचं गणित मात्र सावलीचंच करतो. अकराव्या शतकात अल्-बिरुनीला ही विसंगती खटकली आणि त्याने ती लिहून ठेवली. परक्या माणसाला जे खटकलं ते इथल्या शास्त्र्यांना हजार वर्षं पचलं. ग्रहणाची वेळ घटका-पळांत काढणाऱ्याला राहू नाही हे ठाऊक होतंच. तरी त्याने राहू जिवंत ठेवला, कारण सावलीच्या नावाने दक्षिणा मिळत नाही. जोतीरावांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जन्मापासून मरणापर्यंत शेतकऱ्याला कसं लुबाडलं जातं ते मांडलंय, ते या नजरेने पुन्हा वाचा. भटाला मिळालं ते दान आणि आपल्याला मिळाली ती भीक, दोन्ही एकाच ग्रहणाची.

मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस आणि उष्ट्या-शिळ्या तुकड्यांची लाचारी सोडायला सांगितलं. ग्रहणाची झोळी त्याच लाचारीतली. आपल्या आज्या-पणज्यांनी ती खाली ठेवली तेव्हा घरात धान्य होतं म्हणून नव्हे. वर्षाला मिळणारं ते चार पायली धान्य आणि एखादं लुगडं सोडणं सोपं नव्हतं.

एक गोष्ट आपल्यातही लपवू नये. संयुत्त निकायात चंदिम आणि सुरिय अशी दोन सुत्तं आहेत. त्यात राहूने धरलेला चंद्र तथागतांना शरण जातो आणि तथागत राहूला सोडायला सांगतात. कुणी ही सुत्तं पुढे केली तर गोंधळू नका. जे बुद्धीला आणि तर्काला पटतं तेच बुद्धवचन मानावं, ही कसोटी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी दिली आहे. ती लावली की ही कथा गळून पडते. ब्रह्मगुप्ताला एक माप आणि त्रिपिटकाला दुसरं, असं चालणार नाही.

७ सप्टेंबर २०२५ ला, भाद्रपद पौर्णिमेच्या रात्री, खग्रास चंद्रग्रहण होतं. अकराच्या सुमाराला चंद्र तांबडा झाला आणि जवळपास दीड तास तसाच राहिला. पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेला लाल उजेड त्याच्यावर पडतो म्हणून तो रंग. आमच्या बौद्धवाडीत काही पोरं ढगांच्या फटीतून ते बघत होती. त्याच वाडीतल्या एका घरात सहा महिन्यांची गरोदर सून दुपारपासून उपाशी आत बसली होती. सुरीला हात लावायचा नाही, बाहेर यायचं नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि टीव्हीवर ज्योतिषी वेध सांगत होता. मी सासूबाईंना म्हटलं, “आवशी, तिका जेवक तरी घाल.” म्हणाली, “आमी मानूक नाय रे, पण उगाच विषाची परीक्षा कित्याक?”

तिच्याशी मी भांडलो नाही. पुढचं खंडग्रास सूर्यग्रहण आपल्याकडून २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर दिसणार आहे. ऐन पावसाळा आहे, ढग असतील. नुसत्या डोळ्यांनी बघू नका, ग्रहणाचे चष्मे आधीच मागवून ठेवा. त्या दिवशी दुपारचं जेवण बुद्धविहारात ठेवायचं ठरलंय आणि त्या सूनबाईला मुलासकट बोलावलंय.